तुम्ही थापलेली भाकरी

बाबा,

परवा आपल्या सौंसरला जाऊन आले. विहारात तुमचा फोटो लावायचा ठरलाय, आणि त्या दिवशी मुलगी म्हणून मी दोन शब्द बोलावेत असं मंडळींचं म्हणणं आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी प्रत्येकाजवळ तुमची एकेक गोष्ट आहे. वस्तीत नळ तुम्ही आणलात. तिगावकडच्या कुणाचं लग्न लावायला तुम्ही चिखलातून सायकल खांद्यावर घेऊन गेलात. मी ऐकत होते, मान हलवत होते आणि मनातल्या मनात म्हणत होते, अहो, तुम्ही सगळे आमच्या घरी जेवायला यायचात तेव्हा भाकरी कोण थापत होतं, तेही विचारा की कोणीतरी.

विचारलं होतं एकीनं, तुमच्यादेखत. तुम्ही ते विसरला असाल असं मला वाटत नाही.

आई गेली तेव्हा मी सातवीत होते. तुम्ही कापसाच्या जिनात दुपारपाळीला जायचात, म्हणजे तुमची सकाळ लोकांची. गावोगावची माणसं पहिल्या बसनं उतरायची ती थेट आपल्या ओसरीवर. कुणाला दाखला हवा, कुणाला विहिरीवर पाणी भरू देत नाहीत, कुणाच्या पोरीला सासरच्यांनी घालवून दिलंय. तुम्ही त्यांना घेऊन कचेरीत जायचात आणि नुसते शेजारी उभे राहायचात. "आपला मानूस बाजूले असला का सायेब खुर्ची दाखवते," असं म्हणायचात. उपाशीपोटी कुणाला कचेरीत न्यायचं नाही हाही तुमचाच नेम, आणि तो पाळायला मी होते. आधी शाळेचा पहिला तास बुडायला लागला, मग अख्खे दिवस, मग गुरुजींनी विचारणंच सोडलं. शाळेत जाऊ नको असं तुम्ही मला कधीच म्हणाला नाहीत. तुमच्या ते लक्षातच आलं नव्हतं, आणि मला खरा राग त्याचाच होता.

त्या दिवशी लोधीखेड्याची एक बाई नवऱ्याबरोबर आली होती. आपल्या मुलीला शाळेतून काढून तिनं कापूस वेचायला लावलं होतं, आणि तुम्ही तिची हजेरी घेत होता, सभेत चढवायचात तसा आवाज चढवून. "पोरीले शाळेतून काहाडलं? आपल्या मानसानं असं कराव का?" ती वांग्याच्या भाजीशी माझी भाकरी खात होती. तिनं हातातला घास खाली ठेवला, चुलीकडे बोट केलं आणि म्हणाली, "दादा, माह्या पोरीच्या शाळेचं सांगून राहिले तुमी. मंग हे भाकरी कोन थापून राहिली? हिची शाळा नाई का आज?"

नवरा तिला कोपरानं ढोसत "चूप बस ना वं" म्हणत होता. तव्यावरची भाकरी करपत होती, पण मला ती उलटायचं भान नव्हतं. वाटलं, आता तुम्ही तिला तरी झापाल, नाहीतर मला. तुम्ही उठलात. चपला घातल्या आणि त्या दोघांना घेऊन निघून गेलात. एवढं होऊनही तुम्ही माझ्याकडे वळून बघितलं नाही म्हणून मी दिवसभर धुसफुसत होते.

दुसरी सकाळ. मी परातीत ज्वारीचं पीठ घेतेय, तोच तुम्ही आत येता. "सरक तिकडं. शाळेचे कपडे घाल." आणि पायजमा वर खोचून चुलीपुढे फतकल मारता. मी तयार होऊन येते तर पीठ तुमच्या कोपरापर्यंत, थोडं मिशीलाही. भाकरी तव्यावर पडते ती तुकडे होऊनच. मला हसू आवरत नाही. "हासून काय राहिली? सांग ना कसं करतेत!" मग दप्तर खांद्याला अडकवून मी तुमच्या शेजारी उभी राहते आणि सांगत जाते. पाणी गरम घ्या, बोटं ओली करा, कडेकडेनं थापा. तेवढ्यात ओसरीवर माणसं येतात.

"जयभीम दादा!"

तुम्ही वळत नाही. "जयभीम. बसा. आज भाकर मी करून राहिलो, येळ लागन."

"अन् पोरगी?"

"शाळेत चालली थे."

"कचेरी उघडन ना दादा."

"उघडू द्या."

त्यानंतर लोक आपापली भाकरी फडक्यात बांधून यायला लागले. दादाच्या हातची खाण्यापेक्षा हे बरं, असं तिगावचा एक म्हातारा तुमच्या तोंडावर म्हणाला. पण तुमच्या-माझ्यासाठीही सगळे एकेक जास्तीची आणत. मी मॅट्रिक झाले, नर्स झाले, छिंदवाड्याला नोकरी करून निवृत्तही झाले. लोधीखेड्याच्या त्या बाईनं मुलीला पुन्हा शाळेत घातलं की नाही, ते मात्र मला आजतागायत कळलेलं नाही.

विहारात मी हे सांगीन. लोक हसतील, टाळ्या वाजवतील, दादांनी आपल्या घरापासून सुरुवात केली म्हणतील. म्हणू देत, ते खरंच आहे. पण एक गोष्ट तिथे माझ्याच्यानं बोलवणार नाही, म्हणून या कागदावर लिहून घरातच ठेवते. त्या सकाळी मला शाळेचं फारसं काही वाटलं नव्हतं. दारात माणसं उभी होती, तुम्हाला हाका मारत होती, आणि तुमची पाठ त्यांच्याकडे होती. तुम्ही पहिल्यांदा फक्त माझे होता. शाळेची घंटा मला स्वच्छ ऐकू आली, बाबा. त्या दिवशीही माझा पहिला तास बुडाला, पण तो मी मुद्दाम बुडवला.