घोट्यापुरता रंग

पनवेल, दि. ११ नोव्हेंबर १९९१

ती. सुमतीताईस बाळूचा सा. न. वि. वि.

आज सकाळी पूजा राहिली. आपल्या रूपाची सायकल अंगणात घेऊन बसलो होतो. चोवीस तारखेला रोडपालीची मंडळी तिला बघायला येणार, दारातली सायकल तरी बरी दिसावी असं तुझ्या भावजयीचं म्हणणं. दांड्यावरचे ओरखडे पॉलिश पेपरने घासले, निळा ऑइलपेंट लावला. पण उन्हात विटलेल्या निळ्यावर नवा निळा असा उठून दिसतो, की आता नजर तिथंच जाते.

रूपा निघताना थांबली. म्हणाली की, बाबा, डब्यात थोडा रंग ठेवा, माझ्या घोट्याला लागेल. हसत म्हणाली, आणि ओली सायकल सोडून पायीच कामावर गेली.

तिच्या घोट्यावर कोडाचा डाग आहे, हे स्थळ सुचवताना तू त्यांना सांगितलंस का? रॉकेलने हात धुतले तरी वास जात नाही. हरिपाठाला बसलो, मन ठरेना. लवकर कळव. भाऊजींना नमस्कार. माया असू दे.

तुझा बाळू

उरण, दि. १५ नोव्हेंबर

चि. बाळूस अनेक आशीर्वाद.

नाही सांगितलं, आणि तूही सांगू नकोस. सुशांत गुणी मुलगा आहे, तळोज्याला कायम नोकरी. मुलीत खोट नाही, असा शब्द मी त्याच्या आईला दिलाय. घोटा काय कोणी वाकून बघतं? साडी जरा खाली सोड म्हणावं, वर जाड पैंजण. लहानपणी शेजाऱ्यांचा आंबा खाऊन त्यांनाच कोय दाखवायला गेलास, तसाच राहिलास. मागचं कामोठ्याचं स्थळ तुझ्या खरेपणानेच गेलं. पोरीला सव्वीस सरलं. तिचा विचार कर, स्वतःच्या मनःशांतीचा नको.

रुसू नकोस. भावजयीला आशीर्वाद.

ताई

पनवेल, दि. २० नोव्हेंबर

ती. ताईस सा. न.

तुझं ते मनःशांतीचं वाक्य टोचत राहिलं, म्हणून पत्र रूपालाच वाचायला दिलं. पैंजणापाशी ती हसली. म्हणाली की, आत्याला कळवा, पैंजण कधीतरी काढावे लागतातच. मग हळूच म्हणाली की, जन्मभर पायावर साडी ओढत चालायचं का मी?

काल सकाळी पूजा केली आणि तिचीच सायकल घेऊन रोडपालीला गेलो. लेडीज सायकलवर टोपीवाला बघून नाक्यावरचे रिक्षावाले हसले. हसू देत. सुशांतच्या आईने चहा पुढे केला. तो घेण्याआधीच सांगितलं, डाग कुठे, केवढा, वाढेल की नाही हे डॉक्टरांनाही ठाऊक नाही. चहा निवला. सुशांत तेवढा फाटकापर्यंत आला, दांड्याकडे बघून म्हणाला की, इथे मागाहून रंग लावलेला दिसतो. होय म्हणालो.

तुझा शब्द माझ्यामुळे खाली पडला. बोल लावायचा तो मला लाव, पण माया आटू देऊ नकोस. चोवीसला ते येतील की नाही, देव जाणे. रात्रभर तेच डोक्यात होतं. आले तर रूपा साडी ओढणार नाही. सांगून आलोय.

तुझा बाळू