टबात न सापडलेली शेपूट

नागपूर,
३१ ऑगस्ट २०२४

प्रिय कामिनी,

चोवीस वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही. वेळ नव्हता असं लिहिलं तर तू विश्वास ठेवशील, म्हणूनच लिहीत नाही. धीर नव्हता. माफ कर.

मी कामठी रोडवरच्या एका ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. आता बेडूक कापत नाहीत. कळमेश्वरला नणंदेच्या घरामागे डबकं आहे, तिथली अंडी आणून यंदा प्रयोगशाळेच्या खिडकीत टबात ठेवली. साबुदाण्याच्या खिरीसारखा तो पुंजका बघून मुलींनी नाकं मुरडली. आठवड्याभरात त्याच मुली घरून उकडलेला पालक आणू लागल्या. पिल्लांना मागचे पाय फुटले, मग पुढचे. कल्ले जाऊन फुप्फुसं आली, तोंड रुंद झालं, शेपूट आखूड होत गेली.

फळ्यावर मी लिहिलं, ‘शेपूट गळून पडते.’ तर बाही कोपरापर्यंत भिजलेली एक मुलगी म्हणाली, “मॅडम, गळली असती तं टबात सापडली असती ना? मी तं रोज शोधून राहिली.” मागून कोणीतरी म्हणालं, “तूच खाल्ली असशील वं!” वर्ग हसला. मी नाही हसले. शेपूट गळत नाही. तोंड बदलत असताना पिल्लाला खाता येत नाही, त्या दिवसांत शरीर ती शेपूटच शोषून घेतं आणि तिच्यावर जगतं. मला हे ठाऊक नव्हतं असंही नाही. सोपं पडतं म्हणून वीस वर्षं चुकीचं लिहीत आले. दुसऱ्या दिवशी वर्गासमोर कबूल केलं. लाज वाटली, पण पाचच मिनिटं. मग वाटलं, एवढंच असतं तर दुसरी चूक इतकी वर्षं का सांभाळली?

ती भिजल्या बाहीची मुलगी म्हणजे तुझी नूपुर. प्रवेशअर्जावर आईचं नाव आणि कन्हानचा पत्ता पाहिला तेव्हाच ओळखलं. तिला मात्र काही बोलले नाही. काल ती जीवशास्त्र सोडण्याचा अर्ज घेऊन आली. मी विचारलं, “काहून?” म्हणाली, “आई म्हणते, आपल्या घरचे हातच थरथरतात. प्रॅक्टिकलच्या परीक्षेत तिनं बेडकाची शीर कापली होती. तुले नाही जमणार म्हणते.”

कामिनी, ती शीर तू नव्हती कापलीस. स्नायूवरची चीर मधोमध घ्यायची नाही, थोडी बाजूला घ्यायची, कारण खाली पोटाची शीर असते. आदल्या दिवशी हे तूच मला समजावलं होतंस. परीक्षेत घाईत मी मधोमधच कात्री चालवली आणि ट्रे लाल झाला. तुझं काम स्वच्छ झालं होतं, तू नळावर पाणी आणायला गेली होतीस. ट्रेवर आपापल्या परीक्षा-नंबरांच्या चिठ्ठ्या नुसत्या टाचणीनं लावलेल्या होत्या. मी त्या बदलल्या आणि ट्रेही सरकवले. तू परत आलीस, रक्त पाहिलंस आणि मग स्वतःच्या बोटांकडे पाहत राहिलीस. तेव्हाही मी गप्प बसले. तू नापास झालीस, परत परीक्षेला बसली नाहीस. तुझे हात कधीच थरथरत नव्हते, नूपुरचेही थरथरत नाहीत. नखाएवढं बेडकाचं पिल्लू ती तळहातावर अलगद उचलते. अर्ज माझ्या पर्समध्ये आहे, शेवटची तारीख बुधवार, तान्ह्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. निर्णय तुम्हा मायलेकींचा. तो माझ्या खोट्यावरून होऊ नये, म्हणून हे पत्र. मला माफ केलं नाहीस तरी तिला टबाजवळ राहू दे.

तुझीच, अजून तसं म्हणू दिलंस तर,
सुमती

ता. क. माझं उद्याचं काम: अकराच्या बसनं कन्हान. पत्र हातात देणे, तू वाचेपर्यंत समोर बसणे.