ट्रायल रूममधलं गिऱ्हाईक

सोमवार, ३ मार्च

ताई गेली. भाची गाडी घेऊन आली होती. गुडघ्याचं ऑपरेशन परवा, मग तीन आठवडे मुलीकडेच आराम. निघायच्या आधी ताई चार वेळा परसात जाऊन आली. मला टाटा करायला नव्हे, कोंबड्यांना! "सकाळी दाणा. पाणी रोज बदलायचं. संध्याकाळी खुराड्याची कडी." संपल्या सूचना. भाचीने मला बाजूला घेतलं. "मामा, फोनवर आईला कसलंही टेन्शन द्यायचं नाही हं. सगळं छान चाललंय म्हणायचं."

सगळं छान चाललंय. साठ वर्षांचा शिंपी, जन्मात कोंबडीला बोट लावलेलं नाही.

मंगळवार, ४ मार्च

लांबूनच दाणा फेकला आणि पळालो.

गुरुवार, ६ मार्च

ऑपरेशन नीट झालं. हुश्श!

पण इकडे वेगळंच. सकाळी परसात गेलो तर कोपऱ्यात एक कोंबडी भिंतीकडे तोंड करून उभी, आणि बाकीच्या पाळीपाळीने तिच्या पाठीत चोची मारतायत. सगळ्यांत पुढे ती जाडी, तुरा डोळ्यावर पडलेली. बिचारीच्या शेपटीच्या वर पिसंच नाहीत. नुसतं लाल मांस. ओरडलो, झाडू फिरवला, आणि कसं जमलं देव जाणे, उचललं तिला. केवढी हलकी! छाती मात्र धडधड धडधड.

ठेवायची कुठे? स्वयंपाकघरात मांजर येतं. नीट दार असलेली, कुणी न शिरणारी जागा एकच. दुकानातली ट्रायल रूम. जुनी चादर अंथरली, पाण्याची वाटी ठेवली, बाहेर पाटी लावली: दुरुस्तीसाठी बंद.

शुक्रवार, ७ मार्च

गल्लीच्या टोकाच्या कंपाउंडरला बोलावलं. आयुष्यभर गुरांच्या दवाखान्यात होता. म्हणाला, "मास्तर, लाल दिसलं की त्या सोडत नाहीत. ही एकटीच राहू दे." त्याने धरली, मी मिठाच्या कोमट पाण्याने जखम धुतली, आयोडीन लावलं. सुईत एका दमात दोरा ओवणारा मी, कापसाचा बोळा दोनदा खाली पाडला. कोंबडी मात्र गप्प. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

शनिवार, ८ मार्च

ताईचा फोन. पहिलं वाक्य: "कोंबड्या कशा आहेत?"
"मजेत."
"अंडी देतायत?"
"देतायत."
गुडघ्याची चौकशी करायची राहूनच गेली. रागावली. बरं झालं, विषय बदलला.

रविवार, ९ मार्च

काही खात नाही. मान आत ओढून बसली आहे. जखमेला वास येतोय. कंपाउंडर बघून म्हणाला, "मास्तर, उगाच हाल करू नका तिचे. मान मुरगाळा, सुटेल. सूप तरी होईल."

असा संताप आला! "तुझा चहा केलेला नाही," म्हटलं, "निघ तू."

गेला. तासाभराने परत आला. मलमाची ट्यूब कटिंगच्या टेबलावर ठेवली, कोंबडी मांडीवर घेतली. मग मी चहा केला. दोघांसाठी.

सोमवार, १० मार्च

खाल्लं!! उकडलेल्या अंड्याचा बलक, माझ्या तळहातावरून. कोंबडीला अंडं... जाऊ दे, जास्त विचार करायचा नाही.

आता हिला 'गिऱ्हाईक' म्हणतो. नाहीतरी ट्रायल रूम अडवून बसलीच आहे.

बुधवार, १२ मार्च

शाळेतल्या बाई शिवायला टाकलेला कोट घालून बघायला आल्या. म्हटलं, ट्रायल रूमचं काम चाललंय. तेवढ्यात आतून, "कॉऽऽक!"
"तुमची ट्रायल रूम बोलते की हो," बाई म्हणाल्या.
दार उघडावं लागलं. गिऱ्हाईक आरशासमोर उभं. आधी समोरून बघितलं, मग एका बाजूने, मग दुसऱ्या.
"फिटिंग बघतेय," बाई म्हणाल्या आणि स्टुलावर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. जाताना म्हणाल्या, "पाठ झाकली तर टोचणार नाहीत ना? मग शिवा की काहीतरी! शिंपी आहात ना तुम्ही?"

एवढं साधं माझ्या डोक्यात येऊ नये!

गुरुवार, १३ मार्च

मापं घेतली. मापाला स्थिर उभं राहत नाही, पण तसे माझ्या गिऱ्हाइकांतले निम्मे राहत नाहीत. जॅकेटसाठी गणवेशाचं उरलेलं निळं कापड, आत मऊ अस्तर, पंखांना इलॅस्टिकच्या दोन पट्ट्या. पहिलं घट्ट झालं. दुसरं सुटून मानेत अडकलं. तिसरं अगदी मापात! कंपाउंडर ठसका लागेपर्यंत हसला. "खिसा नाही ठेवलात, मास्तर?"

सोमवार, १७ मार्च

जखमेवर खपली धरली, पिसांचे बारीक कोंब दिसतायत. छाती पुढे काढून तिला परसात सोडलं. जाडी सरळ धावून आली. जॅकेट टिकलं, पण जाडीने हिचा तुरा पकडला. रक्त. पुन्हा आत. कुठल्याही गिऱ्हाइकाला दिल्या नसतील अशा शिव्या जाडीला दिल्या.

कंपाउंडर म्हणाला, "दरवेळी हिलाच का कोंडता? दादागिरी कोण करतंय? तिला टाका आत. चार-पाच दिवस नसली की रुबाब उतरतो."

मंगळवार, १८ मार्च

जाडी ट्रायल रूममध्ये, गिऱ्हाईक तुऱ्याला मलम लावून परसात. जाडी सकाळपासून आरशातल्या कोंबडीशी भांडतेय. आरसा काही माघार घेत नाही.

शनिवार, २२ मार्च

तीन-चार दिवस गिऱ्हाईक लांबच उभं होतं. आज सगळ्यांच्या ताटात तोंड घातलं. एकीने चोच मारली—तर हिने उलटी मारली! मी टाळ्या वाजवल्या. दुकानात एक जण पँटच्या पायाला टाचण्या लावलेल्या अवस्थेत उभा होता, त्याला विसरलोच.

रविवार, २३ मार्च

जाडीला सोडलं. मी झाडू घेऊन तयार. दोघी समोरासमोर. गिऱ्हाईक हललं नाही. जाडीने मान तिरकी करून निळ्या जॅकेटकडे बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि दाणे टिपायला गेली. बस्स. एवढंच. मी तिथेच पायरीवर बसलो.

मंगळवार, २५ मार्च

ताईला फोनवर सांगून टाकलं. "एकीला जरा लागलं होतं. आता बरी आहे."
"कुठली?"
"तपकिरी."
"सगळ्याच तपकिरी आहेत, शहाण्या!" मग म्हणाली, "तू हातात घेतलीस तिला? तू?"

गुरुवार, २७ मार्च

ताई आली. काठी टेकत थेट परसात. कोंबड्या मोजल्या. पुन्हा मोजल्या. "अरे, ही जॅकेटवाली आपली नाहीच! कुंपणाखालून शिरलीय कुठून तरी. परकी म्हणून तर टोचत होत्या तिला. कुणाची रे ही?"

"माझी," मी म्हटलं.