डावा हात खिशात

३ फेब्रुवारी, मंगळवार

माझ्या हॅम रेडिओचा अँप्लिफायर बंद पडला! मीटरचा काटा शून्यावरून हलेना. आणि रविवारी लेक दूरच्या बेटावरून बोलणार — तिथल्या हवामान केंद्रात लागल्यापासून पहिल्यांदाच रेडिओवर. फोन रोज येतो. पण हा रेडिओचा नाद तिला मीच लावला. तिचा आवाज मला येईल. माझा मात्र अँप्लिफायरशिवाय तिथवर पोचायचा नाही.

देवापुढे दिवा लावतानाही हेच मनात. तो हसला असेल.

४ फेब्रुवारी, बुधवार

ही म्हणाली, "उघडा माझ्या सवतीला. पण तिची शेंडी माझ्या हातात." प्लग काढून मांडीवर घेऊन बसली. नियम माझाच — असं काम एकट्याने करायचं नाही, प्लग दुसऱ्याच्या ताब्यात, डावा हात खिशात. दोन्ही हात आत घातले तर वीज या हातातून त्या हातात जाते, आणि वाटेत काळीज!

झाकण काढलं. सवयीने हात जोडले गेले.

"नमस्कार लांबूनच!" हिने बजावलं.

मीटर शून्य, म्हणजे आत काही नाही. उजवा हात पुढे केला —

"अहो, काठी!"

"अगं, शून्य दिसतंय ना?"

"दिसू दे. हट्ट समजा माझा."

उरलीसुरली वीज जमिनीत सोडणारी अर्थिंगची काठी आत टेकवली. फाडकन आवाज! निळी ठिणगी! प्लग हिच्या मांडीवर, आणि आत तीन हजार व्होल्ट दबा धरून बसलेले. वीज साठवणारे कपॅसिटर बंद केल्यावर रिकामे करणारा रेझिस्टरच जळाला होता. मीटरही त्याच साखळीत, म्हणून काटा आंधळा.

मग ही म्हणाली, "सवत चावरी आहे हो!" डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो.

शाळेत गुरुजी सांगायचे, विहीर कोरडी वाटली तरी आधी दगड टाकून बघा. आज दगड हिने टाकला.

संध्याकाळी देवापुढे बराच वेळ बसलो. मागितलं काहीच नाही.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

नवा रेझिस्टर बसवला. काटा सरसर वर! बंद केल्यावर सावकाश खाली. ते उतरणं किती सुंदर दिसतं!

८ फेब्रुवारी, रविवार

पोचला! खरखरीतून लेक — "बाबा, खणखणीत येतोय आवाज!" मी पुढे बोलणार तोच हिने माईक ओढला. "जेवतेस ना वेळेवर?" समुद्रापार पहिला प्रश्न हा! मग काठीची हकीकत, तिखटमीठ लावून. लेक म्हणाली, "बाबा, आईचं ऐकत जा."

ऐकतोय.

९ फेब्रुवारी, सोमवार

हिने शिलाईमशीन काढलंय. स्वतःच्या कुर्त्याला डावीकडे खिसा शिवतेय. म्हटलं, हे कशाला?

"पुढच्या वेळी झाकण मी उघडणार. प्लग तुम्ही धरा."