खाटा भरल्या पाहिजेत

सोलापूर, ९ एप्रिल १९३४

पोचले बाई एकदाची! पुण्याहून येताना गाडीत कंबरडं मोडलं. नर्सिंग शिकणाऱ्या मुलींना इस्पितळ योग्य आहे का, ते पाहून सरकारकडे मान्यतेची शिफारस करायची. वर्षभर हेच करत हिंडतेय, जीव विटला. पण हे शेवटचं. इथून सुटले की थेट घरी. लेक मनू बाळंतपणाला आलीय, तिला नववा लागलाय.

इथल्या मेट्रन राजाबाई मोठ्या मायेच्या. कडक भाकरी, शेंगाचटणी, वर घट्ट दही, आग्रह करकरून वाढलं. बरं वाटलं.

१० एप्रिल

वॉर्ड लख्ख. मुली गुणी. सुंदरम्मा म्हणून विणकरांची पोर आहे, चादरीला सुरकुती म्हणून राहू देत नाही. पण रोगी कुठायत? सहातल्या चार खाटा रिकाम्या! मुली एकमेकींचीच नाडी बघून शिकतात. राजाबाईंना स्पष्ट सांगितलं, खाटा भरल्या पाहिजेत, त्याशिवाय शिफारस नाही. आणि मेलेल्या माणसाला पुसून, गुंडाळून ठेवायचं काम मुलींना ठाऊकच नाही, कारण इथं कुणी मरत नाही म्हणे. मला हसू आलं. म्हटलं, तेही शिकवा.

सुंदरम्मा रडायला लागली. शिफारस नाही मिळाली तर पुन्हा मागावर बसावं लागेल म्हणाली. वाईट वाटलं, पण मी तरी काय करू? राजाबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, पोरींचं वाटोळं मी होऊ देणार न्हाय.

१२ एप्रिल

खाटा भरू लागल्या. स्वयंपाकीण बजाबाई आणि पहारेकरी पीरसाब, दोघंही कालपर्यंत ठणठणीत. बजाबाई पोट धरून सांगत होती, लई चांगली हुते की वं बाई, ताक पिले आन् असं झालं. उन्हाळाच तसला, म्हटलं मी. पोरी मात्र दोघांची सेवा अगदी मनापासून करतायत.

दुपारी सुंदरम्मानं मलाही ताक आणून दिलं. जरा कडवट होतं.

१३ एप्रिल

उलट्या. अंगात त्राण नाही. खोलीत उकडतं म्हणून राजाबाईंनी मला वॉर्डात हलवलं. किती करतात बिचाऱ्या. आता एकच खाट रिकामी.

१५ एप्रिल

धोब्याला आणलं. ती खाटही भरली. पोरी पाळीपाळीनं माझी नाडी बघतात. ताक नको म्हटलं, तर राजाबाईंनी नाक दाबून — आत्ता कळलं. देवा! मीच सांगितलं होतं — खाटा भरा म्हणून —

१६ एप्रिल

शिफारस दिली लिहून. उत्तम म्हणून लिहिलं. आता घरी जाऊ द्या म्हणून राजाबाईंच्या पाया पडले. मनू वाट बघत असेल. त्यांचेही डोळे भरून आले. म्हणाल्या, अजून एक धडा ऱ्हायलाय की बाई, तुमीच सांगितलेला.

१७ —

सुंदरम्मा आलीय. तसराळ्यात कोमट पाणी. कापूस. पांढरी चादर. हनुवटीला बांधायची पट्टी —

अगं, मी जिवंत आहे, म्हटलं तिला. व्हय बाई, ठावं हाय मला, म्हणाली. रडतेय. दुसऱ्या हातात पेला —

मनू, माझ्या बाळा —

मानेखाली हात घातला. हळू. अगदी हळू. हात जरासुद्धा थरथरत नाही. चांगली शिकलीय पो —