नुसते ओठ हलवायचे

मंगळवार, फेब्रुवारी २००३

आज द्राक्षाच्या पॅकिंग शेडवरचं काम आटपून घरी आले तर धाकटी मंगी कोपऱ्यात रुसून बसलेली. म्हणली, "तायडे, मी उद्यापासून शाळेत नाय जाणार. तू पण नववीत सोडलीच ना?"



तिला इंग्रजीला नवीन मॅडम आल्यात. आमच्या वेळी सर एक ओळ म्हणायचे, मागून सगळा वर्ग म्हणायचा. मी नुसते ओठ हलवायचे. कोणाला कळायचं नाय. या मॅडम एकेकीला उभं करून वाचायला लावतात. आज मंगी उभी राहिली नि आवाजच फुटला नाय. पोरी हसल्या.

मी म्हणलं, "त्यात काय एवढं? वाचायचं."

"मग तू दाखव ना वाचून, शहाणे!"

आमचे वडील, आण्णा, दारातच बसलेले. लय लाज वाटली, तरी तिचं इंग्रजीचं पुस्तक घेऊन उभी राहिले. पहिल्या ओळीला नुसते ओठच हलले.

"ऐकू नाय येत," मंगी म्हणली.

मग मोठ्यानं वाचलं, अख्खं पान. अडकले तिथं मंगीनंच सांगितलं. मग तीच उठून शेजारी उभी राहिली नि आम्ही दोघींनी मिळून परत वाचलं. मधेच मी हळूच गप झाले, नुसते ओठ हलवत राहिले. ती एकटीच वाचत होती, तिला पत्ताच नाय.

आत्ता दप्तर भरताना म्हणली, "तायडे, तुला तर येतं की सगळं. मग सोडली कशाला शाळा?"

तेव्हा पण माझे नुसते ओठच हलले.