अळणी सोमवार

३ फेब्रुवारी १९५८, सकाळ. पनवेल
काल बाजारातल्या डॉक्टरांनी दंडाला पट्टा गुंडाळला, फुगा दाबला आणि म्हणाले, एकशे नव्वद. ब्लड प्रेशर. मीठ बंद, विडी बंद, संताप बंद. मी विचारलं, मिठागराच्या मालकाने मीठ बंद करायचं? ते हसले नाहीत. प्रेशर म्हणजे जोर. पन्नाशीत अंगात एवढा जोर आहे, तर बिघडलं कुठे? तरी लिहून ठेवतो. आजपासून मीठ बंद.

दुपार
डाळ अळणी. बायकोवर, वेणूवर, ताट ढकलून ओरडलो. संताप उद्यापासून बंद.

६ फेब्रुवारी
पथ्य कडक चालू आहे. ताटात सुका बोंबील होता, पण तो मासा झाला. लोणचं कैरीचं. पापड उडदाचा. मीठ म्हणून काहीच खाल्लं नाही.

१० फेब्रुवारी
वेणूने माझ्या आयुष्यासाठी अळणी सोमवार धरले. म्हणाली, तुमी बरं होईपर्यंत दर सोमवारी मी मिठाला हात लावनार नाय. डोळे भरून आले माझे. मग सुचलं. नवरा-बायको म्हणजे एकच जीव. तिने सोडलं म्हणजे निम्मं मीठ माझंच सुटलं! डॉक्टरांना हे कॉलेजात शिकवत नाहीत. दुपारी सुकटीची चटणी दोनदा घेतली.

१९ फेब्रुवारी
ओवे गावाकडच्या आमच्या आगरावर मिठाच्या पहिल्या राशी. वडिलांपासूनची रीत आहे, मालक खडा चाखून 'जमलं' म्हणतो, मगच बाया पाट्या उचलतात. धाकटा भाऊ आनंदा म्हणाला, दादा, यंदा मी चाखतो. शहाणा! कानाखाली वाजवणार होतो. ही जीभ तीस वर्षांत एकदा चुकलेली नाही. आम्ही मिठाला जागणारी माणसं. शिवाय चाखणं म्हणजे खाणं नव्हे. सात राशी, सात खडे. पाटीवाली सखूबाई म्हणाली, मालक, तोंड लालेलाल झालाय. उन्हाने, दुसरं काय.

१ मार्च
दोनशे दहा. डॉक्टरांना स्पष्ट सांगितलं, तुमचं यंत्र बिघडलंय. त्यांनी गोळ्या दिल्या, रोज एक. बरं वाटेल त्या दिवशी गोळी घ्यायची नाही, असं ठरवलं आहे. रोजच बरं वाटतं.
वेणूने आता सगळ्याच वारी मीठ सोडलं. म्हणाली, सोमवारने भागत नाय. म्हणजे माझं पथ्य सातपट झालं.

१५ मार्च
डोकं ठणकतंय. वेणू फार वाळली. जेवताना तिला म्हणालो, तुझ्या अळणी तोंडाकडे बघूनच माझं प्रेशर चढतं. बोलायला नको होतं. ती उठली आणि मला पाणी आणून दिलं. लाज वाटली. उद्यापासून खरंच मीठ बंद. उद्या मोठी रास आहे. परवापासून.

२ मे
डाव्या हाताने लिहितोय. उजवा हात गेला. निम्मं तोंडही. सोळा मार्चला राशीवरच पडलो, खडा तोंडात होता. डॉक्टर म्हणतात, वाचलात.
आज आनंदा शेवटच्या राशीचा खडा घेऊन घरी आला. थोरल्याचा मान म्हणून. वेणूने तो त्याच्या हातून घेतला, आत गेली, बाहेर येऊन माझ्या जिभेवर ठेवला. डोळे मिटून चाखलं. बोबडं बोबडं सांगितलं, जमलं. पहिल्या नंबरचं. आनंदा खाली बघायला लागला. वेणू म्हणाली, मिठाचा खडा मी आत ठेवलाय, ही खडीसाखर हाय. आणि पदर तोंडात कोंबून रडली.
आनंदा रास चाखायला आगरावर गेला.
वेणू अजून अळणीच जेवते. आज तिला सांगणार होतो, बाई, आता तू तरी मीठ खा. शब्द नीट फुटला नाही. तिला वाटलं, पाणी मागतोय. आणून दिलं.